कचेरीचा तास आणि चिमाजी

मी कचेरीच्या दारातला एक जुना काशाचा तास आहे, टोल देऊन वेळ सांगायची जाड थाळी. मित्रांनो, आता मला तडा गेलाय आणि मी अडगळीत पडलोय. पण स्वतःचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मला सांगायचंय ते चिमाजीबद्दल.

पुण्याच्या कासाराने मला ओतलं आणि बैलगाडीतून भोरला आणून टांगलं. काय तो मान होता माझा! माझा टोल शेजारच्या उत्रोली गावच्या खाचरांपर्यंत जाई. तिथल्या बाया म्हणत, "बारा वाजलं गं, भाकरी न्या." दर सोमवारी मला चिंच लावून घासत.

टोल द्यायला दोघे शिपाई होते. दिवसा चिमाजी, रात्री महंमद. रीत अशी, की टोल द्यायची लाकडी मोगरी खाली ठेवायची नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायची, मगच घर गाठायचं. महंमद लांबूनच हाक मारी, "चिमाजीभाऊ, आणा ती हिकडं, वयनी वाट बघत्यात!"

मग महंमद तापाने गेला. कचेरीचे कारभारी चिमाजीला म्हणाले, "माणूस बघतोय. तोवर तूच सांभाळ." तोवर म्हणजे किती हो? भाताची लावणी झाली, कापणीही झाली. चिमाजी माझ्याखालीच जेवे, दोन टोलांच्या मध्ये जरा डुलकी काढी. पुढे पुढे मी गप्प असतानाही त्याला टोल ऐकू येऊ लागले. दचकून उठायचा बिचारा.

एकदा त्याने कारभाऱ्यांपुढे हात जोडले. "रावसाहेब, कानातलं टोल थांबत न्हाईत. लई भ्या वाटतंय. चार दिस घरी जाऊ द्या."

"कानात तेल घाल," म्हणून कारभाऱ्यांनी कागदात डोकं घातलं. कारकून फिदीफिदी हसले. मेल्यांनो, हसायला काय झालं? पण मला कोण विचारतो! त्यानंतर चिमाजी कुणाशी धड बोललाच नाही.

एका बाजारच्या दिवशी त्याची बायको चंद्राबाई भाकरी घेऊन आली. चिमाजीने दुपारचे बारा टोल दिले आणि तो थांबेचना. तेरा, चौदा... बाजारची माणसं गोळा झाली आणि मोठ्याने मोजू लागली, "सतरा! अठरा!" तमाशाच मांडला त्यांनी. चंद्राबाईने रडत हात पुढे केला.

"अवं, द्या माज्याकडं. घरी चला."

"महंमद येऊ दे," तो शांतपणे म्हणाला. "त्याच्या हातात देतो, मंग येतो."

चाळिसाव्या टोलाला मला तडा गेला. तेव्हा कुठे कारभारी धावत बाहेर आले. "अरे, तास फोडलास!" म्हणून ओरडले.

चिमाजीला भावकीने धरून घरी नेलं. पुढे तो चंद्राबाईलाही ओळखेना. इकडे आठ दिवसांत नवा तास आला आणि दोन नवे शिपाईही आले. म्हणजे माणसं मिळत होती, मित्रांनो.

मला कुणी सांधू नका, घासूही नका. पण तुमच्याबरोबर राबणारा कुणी "भ्या वाटतंय" म्हणाला, तर त्याच दिवशी त्याला घरी पाठवा. तो दुसऱ्यांदा सांगायला येत नाही.