जयाबाईंचा रविवार

शिवदासांचा गुडघा वाकेनासा झाल्यापासून त्यांच्या बुटांच्या लेस जयाबाईच बांधत. रोज सकाळी दाराशी बसून, कुरकुरत.

"पोरींना बास्केटबॉल शिकवायला नवरा मी नटवून पाठवायचा! सवती आहेत मेल्या माझ्या."

शिवदास भिंतीला धरून नुसते हसत.

मुलुंडला घराजवळच्या मैदानावर ते कित्येक वर्षं पोरींना फुकट शिकवत होते. नोकरी होती तेव्हा कामाच्या आधी, निवृत्तीनंतर रोज. रविवारीसुद्धा. जयाबाईंचं मागणं मोठं नव्हतं. रविवारचा सकाळचा चहा दोघांनी बसून प्यायचा, बस्स. मैदानाच्या क्रीडा मंडळाने शिवदासांचा सत्कार ठरवला, तेव्हा जयाबाईंनी अट घातली, "स्टेजवर सांगायचं, रविवारी येणार नाही म्हणून. सगळ्यांदेखत."

"बरं," शिवदास म्हणाले होते.

सत्काराला हॉल गच्च भरला. जुन्या खेळाडू कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. एकीने सांगितलं, माझ्या दहावीच्या पेपराला सर केंद्राबाहेर उन्हात उभे होते. पहिल्या रांगेत जयाबाईंनी पदराचं टोक पिळलं. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हाच माणूस मॅच संपवून आला होता!

मग दोघांनाही वर बोलावलं. शाल घालून घेताना शिवदासांची लेस सुटली. संघातली सगळ्यांत लहान पोर, श्वेता, धावत स्टेजवर आली आणि खाली वाकली.

"राहू दे गं, मी बांधते," जयाबाई म्हणाल्या.

"काकू, रोज मीच बांधते. तुमची गाठ मैदानावर पोचेपर्यंत सुटते ना!"

हॉल खो खो हसला. जयाबाईंची कानशिलं तापली. रोज? म्हणजे एवढीशी गोष्टसुद्धा यांनी आपल्याकडे राहू दिली नाही?

"सरक," म्हणत त्या नव्या साडीसकट खाली बसल्या आणि करकचून दुहेरी गाठ मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते प्रेम वाटलं.

शिवदासांनी माइक हातात घेतला. आधी पोरींकडे पाहिलं. जयाबाईंची नजर त्यांच्यावरून हलली नाही.

"यापुढे रविवारी मी येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "रविवार जयाचा."

श्वेताचं तोंड उतरलं. ते पाहून जयाबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

रविवारी त्यांनी आलं घालून चहा केला. शिवदास खिडकीशी बाकावर बसले होते. मैदान दोन बिल्डिंगींपलीकडे होतं, तिथून चेंडूचा आवाज येत होता. कप तसाच होता.

"आज घाबरून खेळतायत," ते पुटपुटले.

"इथून दिसतं तुम्हाला?"

"ऐकू येतं."

जयाबाई ताडकन उठल्या. खिडकी लावायला कडीला हात घातला आणि तशाच थांबल्या.

"त्यांना एवढं शिकवलंत. मला कधी काय शिकवलंत?"

शिवदासांनी सरकून बाकावर जागा केली. "बस इथे. ऐक. हा भराभर आवाज, म्हणजे पळतेय. हा जड, ती दमलीय. आता बघ, थांबली. का थांबली असेल, सांग."

जयाबाईंनी मन लावून ऐकलं.

"लेस सुटली असेल मेलीची," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. आणि आता पुढचं सांगा."