रगताचा आळ

कापूस वेचायला बाया नुकत्याच पातीला लागल्या होत्या, तोच शेताच्या धुऱ्यावरून मनकर्णाबाई कडाडली.

"वच्छले! माह्या नातीले काय चारलं व तुनं?"

वच्छलानं मान वर केली नाही. ओटीतला कापूस दाबला अन् पुढच्या झाडाला हात घातला. "बोरं देल्ली. पोट्टीनं मांगतली, देल्ली."

"एक पोरगा खाल्ला, आता नातीवर डोया हाय काय तुहा? हातपाय दुखते म्हनून कालपासून तडफडून राह्यलं लेकरू!"

बाकीच्या बाया खाली माना घालून वेचत राहिल्या. वच्छलाच्या हाताला बोंडाचं टरफल टोचलं, रक्त आलं. तिनं ते लुगड्याला पुसलं.

मनकर्णाबाई तिची मोठी जाऊ. जावेचा थोरला पोरगा गजू लहानपणापासून किरकिरा. हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे, पावसाळी गारठ्यात तर त्याला उठवायचं नाही. वच्छलाला मूल नव्हतं. गजू तिच्याच कुशीत निजायचा. एका संक्रांतीला तिनं त्याला तिळाचा लाडू दिला अन् त्याच रात्री पोर गेलं. मनकर्णाबाईनं मारुतीच्या पारासमोर सारं गाव गोळा करून सांगितलं, "ह्या वांझोटीनं खाल्लं माह्यं लेकरू!" तेव्हापासून हळदीकुंकवाला वच्छलाला बोलावणं नाही. ती दिसली की बाया लेकरं आत घेत. नवरा होता तोवर त्याचा आधार होता, पण तोही गेला.

नातीला, गुंजनला, मनकर्णाबाई देवऋष्याकडे न्यायला निघाली. सून वर्षालीनं पोरीला ओढून घेतलं अन् सचिनला, म्हणजे नवऱ्याला, सोबत घेऊन थेट वर्ध्याचा दवाखाना गाठला. परतली त्या दिवशी दोन घरांमधल्या काटेरी कुंपणातून वच्छलाला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सिकलसेल हाय, आत्याबाई. रगताची बिमारी."

"खान तशी माती! तुह्याच माहेरचं घान रगत!"

"नुसतं माह्यं नाई. लेकराले एक वाटा मायचा येते, एक बापाचा. एकच खराब आला तं मानूस धडधाकट राह्यते, त्याले वाहक म्हन्तेत. दोन्ही खराब आले का मंग ही बिमारी. मी वाहक हाय, अन् तुमचा लेक बी हाय."

"माह्या सचिनमंदी काई नाई!"

"हाय. अन् थे त्याच्यात कोठून आलं? तुमच्याकून, नाईतं मामाजीकून."

भांडं आदळल्याचा आवाज आला. मग रूपराव, मनकर्णाबाईचा नवरा, जन्मात कधी मोठ्यानं न बोललेला माणूस, ओरडला, "चूप बस! मी तपासून घेतो. तू बी चाल."

दोघांचं रक्त तपासलं. दोघंही वाहक निघाले.

वर्षाली सांगायला आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. "काकू, मामाजीनं डॉक्टरीनबाईले गजूभाऊजीचं इचारलं. रगत पाह्यल्याबिगर पक्कं सांगता येत नाई म्हने, पन लक्षनं सारी हेच. सचिनच्या वाट्याले एकच खराब आला, गजूभाऊजीच्या वाट्याले दोन्ही. तुमच्या लाडवानं काई झालं नवतं."

वच्छलाच्या अंगाची लाही झाली. "मले काऊन सांगून राह्यली? मले मालूमच होतं. जेथी आळ घेतला तेथी येऊन सांग म्हना तुह्या सासूले."

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना वच्छला पारावर जाऊन बसली. गाव जमलं. रूपरावनं बायकोला जवळजवळ ओढतच आणलं.

"हिनं नाई खाल्लं गजूले," मनकर्णाबाई जमिनीकडे पाहत पुटपुटली.

"आळ घेतला तवा आवाज मोठा होता तुहा," वच्छला म्हणाली.

"नाई खाल्लं हिनं!" मनकर्णाबाई किंचाळली. "आमच्याच रगतात होतं! म्हंजे मीच माह्या लेकराले..."

"चूप! थे नको म्हनू." वच्छला उठून उभी राहिली. "रगत कोनी हातानं भरत नाई. पोराच्या मरनाचा दोष तुह्या माथ्यावर नाई. पन आळ तुनं तोंडानं घेतला, अन् थो आळ माह्या मालकालेबी जितेपनी भोवला."

"वच्छले, घरी चाल. मांगचं सोड."

"तुह्या घरी मी येत नाई. पोट्टीचं दवापानी टायमावर करजा, देवऋष्याच्या नादी नोका लागू."

गर्दीतून तिला वाट झाली. कोणी लेकरू आत घेतलं नाही.

घरी येऊन ती चुलीपुढं बसली, पण काडी ओढवेना. गजू गेला तेव्हा ती रडली तर लोक म्हणाले नाटक करते, नाही रडली तर म्हणाले डाकीण. तोंडात पदर कोंबून तिनं ते दुःख गिळलं होतं.

तिनं उठून दार सताड उघडलं, उंबऱ्यात बसली अन् "गजू रे, माह्या बापा" म्हणत साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडली.