भिंतीपलीकडची सही

आखाती देशातल्या नेपाळी वकिलातीत शर्मिला तुलाधर सकाळपासून चौथ्यांदा शेजारच्या खोलीत शिरली. तिथे कामगार खात्याने पाठवलेले घिमिरे बसत. पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलेल्या टेकराज नावाच्या नेपाळी मजुराला घरी जायच्या कागदावर त्यांची सही हवी होती.

"दादा, त्याची आई गेलीय. काल मुंडण करून बाहेर बाकावर बसलाय. तेरा दिवसांत घरी पोचायला हवा."

"मला का कळत नाही, ताई? पण तुम्ही परराष्ट्र खात्याच्या, मी कामगार खात्याचा. तुमचं पत्र काठमांडूला जाऊ दे, तिथून माझ्या खात्याकडे, मग मला हुकूम येईल."

"मधे एक भिंत आहे हो! तुम्ही शिंकलात तरी मला ऐकू येतं."

"चहा घेणार?"

"आग लागो त्या चहाला!"

शर्मिलाने पत्र धाडलं, मग स्मरणपत्रं. दिवस मोजताना तिची झोप उडाली.

सतराव्या दिवशी उत्तर आलं, 'सदर अधिकारी आपल्याच इमारतीत असल्याने त्यांच्याशी तोंडी बोलून घ्यावे.'

ती तशीच घिमिऱ्यांकडे गेली. त्यांनी सही केली. कागद घेऊन ती बाहेर आली.

टेकराजच्या डोक्यावर केस उगवले होते.