प्रकृती पित्ताची

बद्रीनाथ फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला आणि छातीत आग घेऊन घरी आला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळत होतं बद्रीनाथचं आणि कळत होतं म्हणे साऱ्या गावाला. "कॅन्टीनची रम, दुसरं काय," असं खुलताबादेजवळच्या त्याच्या गावात पारावर सरसकट बोललं जाई. आता या माणसानं उभ्या जन्मात दारूला ओठ लावला नव्हता. पण त्याचा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ सुदर्शन, दर महिन्याला कॅन्टीनच्या बाटलीसाठी लाळ घोटायचा आणि बद्रीनाथ काही आणून द्यायचा नाही. ज्याला बाटली मिळाली नाही, त्यानंच बाटलीची गोष्ट गावभर केली. आणि लोकांना तरी काय, खऱ्यापेक्षा चटकदार लवकर पटतं.

खरं ते असं होतं की बर्फातल्या चौक्यांवर त्याची वर्षं गेली. डब्यातलं खाणं, अवेळी पहारा, आणि थंडीनं धरलेल्या गुडघ्यांसाठी उपाशीपोटी गिळलेल्या दुखण्याच्या गोळ्या. अन्ननळी आतून भाजत गेली आणि शेवटी आवळली. आता दुधात कुस्करलेली भाकरसुद्धा घशाखाली अडकायची. आडवं झालं की आंबट पाणी थेट नाकात यायचं, म्हणून रिटायर झाल्यावर शहरात थाटलेल्या घरी त्यानं पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. बायको सुरेखा रोज सकाळी पायथ्याशी घसरलेली सापडायची आणि वर त्यालाच विचारायची, "मला खाली ढकललं का वो?"

रिटायर होतानाच्या वैद्यकीय बोर्डानं या दुखण्याचा नोकरीशी संबंध नाही, असं ठरवून टाकलं होतं. त्यावर बद्रीनाथनं अपील केलं. पेन्शन वाढली असती तर नको कोण म्हणालं असतं? पण त्याला हवं होतं ते वेगळंच. हे दुखणं चौकीवरचं आहे, एवढं सरकारनं एकदा म्हणावं. मग सुदर्शनच्याच काय, अख्ख्या गावाच्या तोंडाला कुलूप लागलं असतं.

त्याच्या बाजूनं बोलणारी एकटी सुरेखा होती. लग्नात, बारशात, कुणी नुसतं हसून त्याच्या छातीकडं बघितलं तरी ती पदर खोचून उभी राहायची. "थेंब घेत नायत ते. त्यांची प्रकृतीच पित्ताची, लहानपणापासून." हे वाक्य तिनं सासूकडून उचललं होतं. तसं ते कुठल्या घरात नसतं? चहाला उशीर झाला आणि कुणाचं डोकं दुखलं, तर प्रकृती पित्ताची. कुणी उगाच खेकसलं, तरी प्रकृती पित्ताचीच. त्यात दुखणं कुणी सांगत नसतं, स्वभाव सांगत असतं. पण हे मराठी माणसाला कळायचं.

अपिलात पुन्हा तपासणी निघाली. शहरातच उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानाच्या वर ऑफिस असलेल्या भानुमती वकीलबाईंनी बद्रीनाथला सगळं पढवलं, आणि वर सांगितलं, "वहिनींना घेऊन जा. रात्री तुम्ही कसे गुदमरता, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत?"

तपासायला मेजर हुद्द्याच्या डॉक्टरबाई होत्या. उत्तरेकडच्या असाव्यात, आवाज मऊ होता. बद्रीनाथनं चौकी, गोळ्या, पहारे, सगळं न चुकता सांगितलं. सुरेखानं रात्रींचं सांगितलं, विटांचंही सांगितलं. डॉक्टरबाई हसल्या. काम फत्ते होतंय, असं बद्रीनाथला वाटलं. मग बाईंनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "शराब लेते थे?"

तो तोंड उघडायच्या आत सुरेखा उसळली. इतक्या वर्षांचा राग होता तो. "नय मॅडम, एक बूंद नय. इनकी प्रकृतीच पित्त की है, बचपन से."

"बचपन से?" बाईंनी पेन उचललं.

"हाँ, बचपन से. हमारी सासू बोलते थे ना," सुरेखा ठासून म्हणाली. आपलं म्हणणं अखेर कुणीतरी लिहून घेतंय, याचा तिला कोण आनंद झाला होता.

"मॅडम, वो ऐसेही बोलने की बात है," बद्रीनाथ पुटपुटला. "कोई बात नहीं," बाई म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. वरिष्ठ लिहीत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे फौजेनं त्याच्या हाडात मुरवलं होतं. सुरेखा तर वाटेत रिक्षातही खुशीत होती. "बरं ठणकावलं की नाय?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "लई बरं."

निकाल आला तेव्हा वकीलबाईंनी त्याला एकट्यालाच बोलावून घेतलं. आजार शरीरप्रकृतीचा, भरतीच्या आधीपासूनचा. पत्नीनं स्वतः सांगितलेलं. अपील फेटाळलं.

"हवालदारसाहेब, अजून वर जाता येईल," त्या म्हणाल्या. "पण वहिनींना प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, की त्या बोलल्या ते नुसतं म्हणण्यापुरतं होतं. आशा फार नाही, हेही सांगते."

"म्हणजे तिला हे सांगावं लागंल."

"सांगावं लागेलच ना."

त्याचं आणि सुरेखाचं पहिलं मूल गेलं होतं तेव्हा बद्रीनाथ चौकीवर होता. मूल तापानं गेलं, पण आपण उशिरा दवाखान्यात नेलं म्हणून सुरेखानं स्वतःला असे काही बोल लावले होते, की दोन वर्षं ती धड जेवली नव्हती. धाकटा सत्यम झाला तेव्हा कुठं ती माणसांत आली. "राहू द्या मॅडम," तो म्हणाला आणि उठला.

सुरेखा दारातच उभी होती. त्याचा चेहरा पाहूनच ती समजली. आत आल्यावर तिनं पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "माझ्या बोलण्यानं तर काय झालं नाय ना?"

"नाय. तुझा काय संबंध?"

"मग कशानं गेलं? मी विचारते त्या वकीलबाईंना. उद्याच जाते."

रस्ताभर त्यानं हाच विचार केला होता आणि काहीच सुचलं नव्हतं. बारीकसारीक काही सांगितलं असतं तर ती खरंच उस्मानपुऱ्यात जाऊन उभी राहिली असती. जे ऐकल्यावर ती कुणाला विचारायला जाणार नाही, असं कारण एकच होतं.

"दारूचं निघालं," तो म्हणाला.

"पण तुम्ही तर..."

"तिकडं वर लई थंडी. सगळेच घ्यायचे. मी बी घ्यायचो."

सुरेखा खुर्चीवर टेकली. "सुदर्शनदादाला मी सत्यमच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं," ती म्हणाली, "की यांनी थेंब घेतला नाय."

"तुला कुठं माहीत होतं."

बाहेर सत्यमची सायकल वाजली. सुरेखानं घाईनं डोळे पुसले, उठली, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्याला तरी हे कळू देऊ नका."