क्रोटनची रांग

विलायतेत उभी हयात काढून व्हर्लीन सेंट व्हिन्सेंट बेटावर परतली होती. नव्या घरापुढे काय लावावं हे पाहायला ती मावशीला घेऊन जुन्या सरकारी बागेत आली. कुंपणालगत लाल-पिवळ्या क्रोटनची दाट रांग पाहून ती हरखली.

“मावशी, अश्शीच रांग मला दारात हवी.”

“दारात? डोकं फिरलं का गं तुझं? ज्यांना दगड मिळाला नाही, त्यांच्या थडग्यांवर आपण क्रोटन लावतो. इथे खाली उसाच्या मळ्यातले गुलाम झोपलेत.”

व्हर्लीनने पानावरचा हात मागे घेतला. तिच्या जागेतही अशी झुडपं होती. निजायची खोली बांधताना तिनेच ती उपटून टाकली होती. रात्री फरशीखाली कुणी कूस बदलल्यासारखं वाटे, ते तेव्हापासूनच.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “आज तुझ्याकडे झोपू का?”