शिशाची चौथी डबी

ठकूबाईंनी काठीचं टोक जमिनीत बसवलेल्या पितळी पावलावर आपटलं.

"खोटं आहे हे. साहेब चपला घालायचे. ही बुटाची पावलं कुणाची उमटवलीत? विचार त्याला."

"राहू दे ना आई," शिवांजली हळूच म्हणाली. "गाइड आहे तो, त्याला काय माहीत?"

"माहीत नाही तर तोंड कशाला उघडतो मेला?"

रिज नावाच्या जंगली टेकडीच्या कडेला, जुन्या प्रयोगशाळांच्या वसाहतीत त्या सकाळी वीस-पंचवीस माणसं एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या पाऊलवाटेनं हिंडत होती. साहेब कुठून निघत, चहाला कुठे थांबत, ते अंशुमन नावाचा तरुण हिंदीत सांगत होता. ठकूबाईंचे यजमान खंडेराव याच वाटेनं सव्वीस वर्षं साहेबांच्या मागून किल्ल्यांचा जुडगा घेऊन चालले होते. होणाऱ्या नातवाच्या कानावर आजोबांचं नाव पडावं, म्हणून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या द्वारकेहून सुनेला घेऊन आल्या होत्या.

शिवांजलीला पाचवा महिना. ही तिसरी खेप; आधीची दोन टिकली नव्हती. "आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही हो," हे ठकूबाईंनी चार पाहुण्यांत बोलून दाखवलं होतं. दोन्ही वेळा.

व्हरांड्यातल्या फोटोत साहेबांच्या मागे खंडेराव अर्धेच दिसत होते. ठकूबाईंनी पदरानं काच पुसली आणि मोठ्या तोऱ्यात आतल्या खोलीत शिरल्या.

तिथं काचेच्या कपाटात तीन डब्या होत्या. मुठीएवढ्या, बसक्या, राखाडी, झाकण डाग देऊन बंद केलेलं. ठकूबाई कपाटाच्या अगदी जवळ गेल्या. नाकाचा श्वास काचेवर उमटला.

"ये लेड की डिब्बियाँ हैं," अंशुमन सांगत होता. "सर इनमें रेडियोएक्टिव मटीरियल रखते थे। उसकी किरणें दिखती नहीं, पर शरीर को अंदर से जलाती हैं। पेट में बच्चा हो, तो सबसे पहले उसको। डिब्बी पुरानी हो जाए, दरार पड़ जाए, तो खतरा। ये तीनों तो जाँची हुई हैं, खाली हैं। चौथी मिली ही नहीं। शायद कबाड़ में गई।"

"भरी थी?" कुणीतरी विचारलं.

"किसी को पता नहीं।"

ठकूबाईंना ठाऊक होतं चौथी कुठे आहे ते. द्वारकेच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीत. फोडी खाराखाली राहाव्यात म्हणून वर लाकडी चकती, आणि चकतीवर फडक्यात गुंडाळलेली ती जडशीळ डबी. खंडेराव आणायला तयार नव्हते. भंगाराच्या ढिगातली असली तरी सरकारची आहे, म्हणाले होते. दगडाला वास येतो, मला वजनच हवं, म्हणून ठकूबाईंनी आठ दिवस त्यांना जेवताना टोचलं होतं. मागच्या उन्हाळ्यात झाकणाच्या कडेला केसासारखी चीर दिसली. त्यांनी फडकं बदललं.

त्याच ओट्याशी शिवांजली रोज दोन वेळा उभी असायची.

"चलिए, अब बगीचा," अंशुमन म्हणाला. माणसं दाराकडे वळली.

"आई, चला. पाय दुखतायत का? बसता थोडं?"

ठकूबाई कपाटापासून हलल्या नाहीत. व्हरांड्यातल्या फोटोत खंडेराव होते. अजून कुणी त्यांना चोर म्हटलं नव्हतं. गप्प राहून घरी जाता येईल, डबी रिक्षानं कुठंतरी लांब नेऊन टाकता येईल. कुठे? कुणाच्या दारात?

त्यांनी शिवांजलीचं मनगट धरलं.

"ओ बेटा, रुको," त्यांनी अंशुमनला हाक मारली. "वो चौथी... हमारे घर में है।"

शिवांजली हसली. सासूबाईंची ही आणखी एक फुशारकी, असं तिला वाटलं. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मीच आणायला लावली त्यांना," ठकूबाई तिला म्हणाल्या. "त्यांचा दोष नाही. लोणच्यावर असते ना, ती."

अंशुमन धावतच परत आला. "माताजी, कब से है? ठीक से याद कीजिए, कब से?"

ठकूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तू या घरात आलीस," त्या सुनेला म्हणाल्या, "त्याच्याही आधीपासून."

अंशुमनला मराठी कळली नाही. तो शिवांजलीकडे पाहत थांबला. तिनं आधी आपलं मनगट सोडवून घेतलं, आणि मग त्याला ते हिंदीत सांगितलं.