किन्हवलीची पेटी आणि ते जातं

मी एक जुनी पेटी आहे. बाजाची पेटी, मित्रांनो. माझ्यात दागिने नाहीत, सूर आहेत. मला कोणी घडवलं, हे आधी सांगायची रीत आहे. ते राहू दे. आधी जात्याबद्दल बोलू दे, नाहीतर माझा भाता फुटेल.

किन्हवलीचे कुंडलिकबुवा मला वाजवत. साल अडतीसच्या आसपासचं. बुवांचं सगळं भजन काळी एकमध्ये, म्हणजे माझ्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. त्यांच्या गुरूंनी तसं शिकवलं होतं. पुरुषांच्या गळ्यांना ते जमे. लोक म्हणत, "बुवा, पेटी काय बोलते हो!" मी फुगून जाई.

मग बुवा पुतणीला, गिरजाला, शिकवू लागले. चैत्रात मुरबाडच्या उत्सवात तिनं अभंग गायचा. जमला तर शिकवणी चालू, नाहीतर बंद. तिच्या बापानं तसं बजावलं होतं.

माझ्यापुढे बसली की तिचा गळा घोगरा होई.

"मोठ्यानं, गो!"

"काका, इतक्या खाली माझा आवाजच नाय पोचत."

"पेटी नाय चुकत. तू चुकतेस."

बरोबर! मी कशाला चुकेन?

एका सकाळी गिरजा तांदूळ दळायला बसली. जातं घरघरू लागलं आणि तिच्या तोंडून तोच अभंग निघाला. उंच. मोकळा. बुवांच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली.

बुवांची बायको अंबूकाकू म्हणाल्या, "इतके दिवस पेटी बडवलीत, आन् पोरीचा गळा सुटला जात्यापाशी!"

दगड! दोन तळ्या आणि एक खुंटा. ना भाता, ना पट्टी. आणि ती त्याच्यापाशी गाते! मी जळले, मित्रांनो. वाळलेलं सागवान जळतं तशी.

बुवांनी मला उचलून जात्याशेजारी ठेवलं. (शेजारी! मला!) ते तिचा सा शोधू लागले. बोट वर वर सरकत पांढरी पाचवर, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, थांबलं. हाच तिचा सूर. आता दाखवते, म्हटलं. भाता हलला.

आवाज नाही.

बुवांच्या भजनांना न लागणाऱ्या त्या पट्टीला वर्षानुवर्षं कोणी बोट लावलं नव्हतं. पावसाळ्यांची ओल खाऊन आतली पितळी जीभ धरून बसली होती. बुवांनी फुंकर मारली, पिसानं झाडलं. नाहीच. कल्याणचा कारागीर येईतो उत्सव उलटला असता.

"ऱ्हाऊ द्या काका," गिरजा म्हणाली. "मी तशीच गाते."

गायली. बुवांनी नुसते टाळ धरले. परत आल्यावर तिचा बाप एवढंच म्हणाला, "शिकव हिला."

शिकवणी चालू राहिली. जात्यापाशी. मी कोनाड्यात. जात्याला दरवर्षी पाथरवट येई, टाकीनं त्याचा दगड पुन्हा खरखरीत करून जाई. माझ्याकडे कोण बघणार?

मित्रांनो, तुमच्या घरी पेटी असेल तर तिच्या सगळ्या पट्ट्या वाजवा. तुमच्या गळ्याला न लागणाऱ्यासुद्धा. कोणाचा गळा कुठली पट्टी मागेल, सांगता येत नाही. आणि तो दुसऱ्यापाशी जाऊन गायला लागला, की फार लागतं हो.

उठा. पांढरी पाचपासून सुरू करा.